बाळंतिणीचं मन आणि साथीचे दिवस

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला आणि पहिलटकरणींचा माहेरचा रस्ताही बंद झाला. सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जायचं, सव्वा महिना आईच्या हाताखाली काढायचा, हे सगळं ठरलेलं असताना मध्ये जिल्ह्याची हद्द आणि ई-पास उभा राहिला. मालिशवाल्या मावशींना सोसायटीच्या गेटवरूनच परत पाठवलं गेलं. बारसं व्हिडिओ कॉलवर उरकलं. पाहुण्यांची वर्दळ टळली म्हणून काही जणींना हायसं वाटलंही असेल. पण रात्री तीन वाजता रडणारं बाळ घटकाभर हातात घेणारं माणूसही त्या वर्दळीबरोबरच गेलं. या दिवसांत ज्या बायका खचल्या, त्यांच्याबद्दल घरोघरी जे बोललं गेलं ते आजही तसंच बोललं जातं.

‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही, ही शिकलेल्या मुलींची थेरं.’ होतं, पण कुणी मोजलं नव्हतं. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. त्याची पाळंमुळं होती गरिबीत आणि नवऱ्याशी बिघडलेल्या संबंधांत. बाळ मुलगी असण्याचाही त्याच्याशी संबंध दिसला. आता थेरं नक्की कुणाची, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पुढे २०१७ मध्ये भारतातले ३८ अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हाही प्रमाण २२ टक्के निघालं. हे सगळे आकडे कोविडच्या आधीचे आहेत.

याच गोव्याच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. नैराश्य आलेल्यांपैकी ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. तेव्हा ‘बाळ झालं की होईल ठीक’ हा दिलासा बहुतेक वेळा पोकळ असतो. गरोदरपणाच्या तपासणीत रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहताना ‘झोप लागते का, कशात मन रमतं का’ एवढं विचारायला फार वेळ लागत नाही.

‘चार दिवस रडेल, मग थांबेल.’ हे अर्धं खरं आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच भरून येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून अधिक बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ गाढ झोपलेलं असताना आईचा डोळा लागत नसला, ‘मी वाईट आई आहे’ हे पुन्हा पुन्हा येत राहिलं, तर तो आजार समजावा. हा आजार ओळखण्यासाठीच्या एडिंबरो प्रश्नावलीत दहाच प्रश्न आहेत. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे आणि त्याचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचे गुण मोजत बसायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

साथीतला खास गैरसमज म्हणजे पॉझिटिव्ह आईनं बाळाला अंगाला लावायचं नाही. सुरुवातीला काही ठिकाणी मायलेकरांना खरोखरच वेगळं ठेवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र उलट होता: मास्क लावा, हात धुवा, बाळ जवळ घ्या आणि अंगावर पाजा. त्या ताटातुटीचा अपराधीपणा ज्या आयांनी वागवला, त्यांची त्यात काहीच चूक नव्हती.

‘डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या तर दूध तोडावं लागतं’, हेही सर्रास ऐकू येतं. सर्ट्रालिनसारखी काही औषधं स्तनपानाच्या काळात डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. शिवाय प्रत्येकीला गोळ्या लागतातच असंही नाही. गोव्यात वस्तीतल्याच बायकांना ‘सखी’ म्हणून प्रशिक्षण देऊन खचलेल्या गरोदर बायकांशी बोलायला पाठवलं, तर नैराश्यातून बाहेर पडणाऱ्या जणी वाढल्या.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नका. बाळंतीण अचानक असंबद्ध बोलू लागली, तिला भास होऊ लागले, ती रात्र-रात्र जागूनही थकेना, तर ‘बाहेरचं’ काढायला कुणाकडे नेऊ नका. हजारात एक-दोघींना होणारा हा बाळंतपणातला सायकोसिस असतो आणि त्यासाठी थेट रुग्णालयच गाठावं लागतं. बाळ दुरावेल या भीतीनं थांबू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडता येत नाही. बोलायचंच असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.