लॅपटॉपला ताप का येतो?

गेल्या एप्रिलमधील गोष्ट. रात्री साडेदहाचा सुमार, वर पत्र्याचे छप्पर, आणि आमचे चिरंजीव वाकळेवर पालथे पडून लॅपटॉपवर काम करीत होते. आतला पंखा असा घुमत होता की सौ.ने स्वयंपाकघरातून विचारले, "पिठाची गिरणी कुणी लावली?" तेवढ्यात पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी डिप्लोमाचा प्रोजेक्ट द्यायचा होता.

हा लॅपटॉप गेमिंगचा. यंत्राच्या भागांची त्रिमिती चित्रे काढायला असलाच लागतो, असे सांगून पोराने आम्हाला पतसंस्थेच्या दारात उभे केले होते. छत्तीस हप्त्यांपैकी चौदा फिटले होते. साहजिकच आम्ही संतापलो, "रात्रंदिवस गेम खेळतोस, म्हणून जळाला!" पोरगा काही बोलला नाही आणि जेवलाही नाही.

शहरातील एका दुकानदाराने उघडून न पाहताच 'बोर्ड गेला' म्हणून सोळा हजारांचा आकडा सांगितला. शेवटी उद्यमनगरात फौंड्रीत आयुष्य घालवलेल्या आमच्या दाजींना दाखवले. त्यांनी यंत्र उताणे करून जाळीवरून बोट फिरवले. "अरं, मोटारसायकलच्या फिनांत चिखल बसला की इंजन तापतंय का न्हाई? तसंच हे." वॉरंटी संपलेली होतीच. ओळखीच्या कारागिराकडून झाकण उघडून घेतले, तर पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधे धुळीचा नमदा! वाकळेच्या धाग्यांसकट.

कचेरीतला लॅपटॉप ४५ ते ६५ वॅटच्या चार्जरवर चालतो. गेमिंगचा चार्जर बहुधा १८० ते २४० वॅटचा असतो. घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे शंभराचे दोन बल्ब एका पाटीत कोंडल्यासारखे. चिपवर तांब्याच्या नळ्या बसवलेल्या असतात, त्यांत किंचित पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला पुन्हा पाणी, आणि तिथे पंखा वारा मारतो. हा वारा येतो खालच्या जाळीतून, आणि तिथेच आमची वाकळ! चिप ९५-१०० अंशांवर गेली की आपणच वेग कमी करते, म्हणून खेळ अडखळतो. तरीही ताप चढला तर यंत्र बंद पडते. आमचे यंत्र जळाले नव्हते, जीव वाचविण्यासाठी थांबले होते. पोराला आम्ही तसे सांगितले, आणि आमची चूकही कबूल केली.

लॅपटॉप टणक पाटावर ठेवावा, मागची बाजू बोटभर उचललेली असावी. धूळ काढताना यंत्र बंद, चार्जर बाजूला, आणि पंखा काडीने अडवून मगच हवा मारावी. मोकाट फिरू दिला तर बेअरिंग जाते. चिप व तांबे यांच्यामधली पेस्ट काही वर्षांनी वाळते, ती हात बसलेल्या माणसाकडूनच बदलून घ्यावी. खेळात फ्रेमची मर्यादा ६० ठेवली की ग्राफिक्स चिपला कमी राबावे लागते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली, तर बहुतेक यंत्रांत टर्बो वेग थांबतो आणि ताप उतरतो. शेजाऱ्यांनी फ्रीजमध्ये ठेवायला सांगितले होते. तसे मुळीच करू नये, आत दव धरते. आणि मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखालची खोलीच ४० अंशांवर गेली, तर पंखा तरी थंड हवा आणणार कुठून? खेळ रात्री खेळावा.

बॅटरीबाबत मात्र हयगय नको. टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट बसेना, तर ती फुगली समजावे. वापर व चार्जिंग ताबडतोब थांबवावे, टोचू किंवा दाबू नये. २००६ च्या ऑगस्टमध्ये डेल कंपनीने सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे परत मागविल्या होत्या.

प्रोजेक्ट दोन दिवस उशिरा गेला, पण गेला. सोळा हजार वाचले. आता लॅपटॉप जेवणाच्या पाटावर असतो. घरात पाट एकच असल्याने आम्ही सतरंजीवर बसून जेवतो.