औंधच्या डोंगरावर स्केचबुक घेऊन

चित्रं काढायला सातारा जिल्ह्यात कुठं जावं, असं विचाराल तर मी आधी औंधचंच नाव घेईन. खटाव तालुक्यातलं जुनं संस्थानी गाव. वर मूळपीठ डोंगरावर यमाईदेवीचं किल्ल्यासारखी तटबंदी असलेलं देऊळ, चढणीवर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय.

इथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचं चित्ररामायण १९१६ साली छापलं गेलं आणि १९३८ मध्ये त्यांनी हे संग्रहालय उभारलं. रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं तर आहेतच, पण हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' शिल्पही इथं आहे! आधी हे सगळं डोळे भरून पाहा, मग वही उघडा.

सकाळी लवकर बसा, उन्हं तिरपी असतात. पायऱ्या मोजत बसू नका. आधी डोंगराची कड एका दमात ओढा, मग तट, देऊळ शेवटी.

काळ्या दगडाला काळा रंग मात्र लावू नका, चित्र मरतं. अल्ट्रामरीन निळ्यात तपकिरी बर्न्ट सिएना मिसळा. उन्हाच्या बाजूला तपकिरी जास्त, सावलीत निळा. बेसॉल्टचा तो उबदार करडेपणा असा काही उतरतो की बस्स! या सिएनाचं नावही इटलीतल्या सिएना या डोंगरावरच्याच जुन्या शहरावरून आलंय; तिथल्या मातीचा हा रंग. तीच माती भाजली की 'बर्न्ट'.

पाण्याची बाटली मोठी घ्या, निम्मं पाणी ब्रशलाच लागतं.