‘नाटक’ नव्हे, गोळीची वेळ!

‘‘सकाळी तर तुळशीला पाणी घालत होत्या आणि दुपारी म्हणे खुर्चीतून उठवत नाही!’’ माझ्या सासूबाईंबद्दल हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकलं असेल! शेजारणी, चुलत जावा... एकदा तर सख्खी नणंद म्हणाली, ‘‘वहिनी, आई थोडं नाटकच करते का गं?’’ आतल्या खोलीत सासूबाईंनी ते ऐकलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मैत्रिणींनो, म्हणूनच हे लिहायला घेतलंय. आमच्या आईंना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, होऊन नऊ वर्षं झाली. या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. त्यावरचं मुख्य औषध लिव्होडोपा. ते १९६० च्या दशकात आलं आणि आजही गोळ्यांमध्ये त्याच्या तोडीचं दुसरं नाही. सोबत कार्बिडोपा असतं, म्हणजे औषध वाटेतच न संपता मेंदूपर्यंत पोचतं. पहिली काही वर्षं दिवसाला तीन गोळ्यांवर आईंचं छान चाललं होतं. होळीला पुरणपोळ्या लाटायच्या! मग हळूहळू गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत टिकेनासा झाला.

असं का होतं, ते मला आपल्या गावच्या नळावरून समजलं. गच्चीवर टाकी असली की नळाला पाणी कधी का येईना, घरात दिवसभर मिळतं. सुरुवातीला मेंदूतल्या पेशी अशीच टाकीसारखी साठवण करतात. पुढे पेशी कमी झाल्या की टाकीच राहत नाही. नळ आला की पाणी, गेला की ठणठणाट! लिव्होडोपा रक्तात फार वेळ टिकतच नाही, दीड तासात निम्मं होतं. म्हणून ‘चालू’ आणि ‘बंद’ असे तास पडतात. शिवाय गोळी ऐन भरात असताना आईंचे मान-खांदे वळवळायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं आजार वाढला. पण हा आजाराचा कंप नव्हे, ती औषधाचा भर जास्त झाल्याची खूण.

आता गंमत अशी, की शहरातल्या डॉक्टरांना आम्ही सहा महिन्यांतून एकदा, दहा मिनिटं दिसतो. आणि नेमक्या त्या दहा मिनिटांत आई टुकटुकीत असतात! त्यांना बिचाऱ्यांना कळणार कसं? म्हणून मुलीच्या शाळेची जुनी वही घेतली. तारखेच्या आधी चार दिवस, दर अर्ध्या तासाला एकच अक्षर : ‘च’ म्हणजे चालू, ‘ब’ म्हणजे बंद, ‘व’ म्हणजे वळवळ. बाजूला गोळीची आणि जेवणाची वेळ. बस्स! डॉक्टरांनी वही उलटली आणि पाच मिनिटांत म्हणाले, ‘‘बारा वाजता रोज बंद पडताहेत.’’ चार तासांचं अंतर तीनवर आणलं आणि प्रत्येक गोळीची मात्रा थोडी कमी केली. जोडीला असर लांबवणारी एन्टाकॅपोन दिली. तिच्याने लघवी केशरी होते. आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर घरभर धावपळ झाली असती.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. डाळ, उसळ, दूध, पनीर यांतली प्रथिनं आणि लिव्होडोपा एकाच दारातून आत शिरायला धडपडतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही. डॉक्टरांना विचारून आम्ही आईंची डाळ-उसळ रात्रीच्या जेवणात नेली, दिवसा भाकरी-भाजी, भात. प्रथिनं तोडायची नाहीत हं, फक्त वेळ बदलायची. वजन घटता कामा नये. लोहाची गोळी असेल तर तिला दोन तास तरी लांब ठेवायचं. आणि पोट साफ होणं फार महत्त्वाचं. ते नसलं तर गोळी पोटातच रेंगाळते.

गावात कुणी ना कुणी कवचबीजाचं, म्हणजे खाजकुइलीचं, चूर्ण सुचवतंच. त्यात खरोखरच लिव्होडोपा असतं. म्हणूनच ते मनाने सुरू करू नये, कारण किती गेलं याचा हिशेब राहत नाही आणि वळवळ वाढते. गोळ्या अचानक बंद करणं तर जिवावरचं. दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर वेळांचा कागद आधी सिस्टरच्या हातात द्या. उलटीवर मेटोक्लोप्रामाइड देत असतील तर पार्किन्सन्स आहे हे ठासून सांगा. त्या औषधाने हा आजार बळावतो.

नणंद दिवाळीला आली तेव्हा मी काही बोलले नाही. दोन दिवस वही तिच्याकडे सोपवली. तिसऱ्या दिवशी फराळाला आलेल्या बायकांना तीच सांगत होती, ‘‘बसा जरा, वीस मिनिटांत आई स्वतः बाहेर येईल.’’ आईंनी हातानं चकल्या वाढल्या.

रात्रीचं मात्र अजून जमलेलं नाही. शेवटची गोळी नऊला. पहाटे तीनला कूस बदलायला मला हाक मारतात. आता येत्या तारखेसाठी वहीत रात्रीचंही पान आखलंय.