२००० यार्डांची लक्ष्मणरेषा

घर किंवा जागा बघायला गेलं की आपण बायका किती बारीक चौकशी करतो! पाणी किती वेळ येतं, नळ दारात आहे की चौकात, शाळा किती लांब, किराणा कुठे मिळतो, संध्याकाळी रस्त्यावर दिवे असतात का, शेजार कसा आहे. देवघराची दिशासुद्धा आपण बघून घेतो. पण पुण्याच्या आसपास, विशेषतः पिंपरी-चिंचवड, देहू, मावळ या पट्ट्यात जागा घेणाऱ्या बाईनं एक प्रश्न या सगळ्यांच्या आधी विचारायला हवा, आणि नेमका तोच राहून जातो. ‘ही जागा रेड झोनमध्ये तर नाही ना?’

मुळशी तालुक्यातलं जांबे घ्या. मारुंजी-हिंजवडीच्या शेजारचं हे साधं शेतीचं गाव. हिंजवडीला आयटी पार्क आलं आणि वीस-पंचवीस वर्षांत इथल्या बांधाबांधाला भाव आला. ज्या वावरात सासूबाईंनी खुरपणी केली, त्याच्या शेजारी आज सुना लिफ्ट असलेल्या इमारती बघतात. आता या जांब्याहून पुनावळ्याला यावं, पवना ओलांडावी, रावेत-किवळे मागे टाकावं, की आलं देहूरोड. अंतर म्हणाल तर काही किलोमीटरचं. पण तिथल्या कित्येक शेतकऱ्यांना स्वतःच्याच जमिनीवर पोराच्या लग्नासाठी दोन खोल्या वाढवायच्या म्हटलं तरी परवानगी मिळत नाही. एकाच पवनेचं पाणी पिणारी गावं, आणि नशिबं इतकी वेगळी. कारण काय? देहूरोडचा दारूगोळा डेपो.

छावणी आली, वस्ती वसली

पुणं आणि लष्कर यांचं नातं दोनशे वर्षांचं. १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि इंग्रजांनी पुणे व खडकीला छावण्या उभारल्या. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत देहूरोडला लष्करी भांडारं आली. रेल्वे आणि मुंबईचा रस्ता दोन्ही हाताशी असलेली ही जागा लष्कराला सोयीची वाटली. पुढे १९८४ मध्ये तिथे ऑर्डनन्स फॅक्टरीही सुरू झाली. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेली.

डेपो आला तशी माणसं आली. देशाच्या कानाकोपऱ्यातून कामगार आले. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतून जातीच्या जाचाला कंटाळलेली, भूमिहीन कुटुंबं आली. सरकारी पगार, महिन्याच्या ठरावीक तारखेला हातात येणारे पैसे, मुलांना शाळा. गावात ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्यांच्या लेकी इथे पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. आजही त्या दिवशी तिथे मोठी गर्दी लोटते. लष्करी तळानं एखाद्या भागाला काय दिलं याचा हिशोब मांडताना ही जमेची बाजू विसरून चालणार नाही.

बाजारपेठही तळाभोवतीच वाढते. जवानांची कुटुंबं येतात, भाजी, दूध, शिलाई, इस्त्री, खानावळ अशा कामांना गिऱ्हाईक मिळतं. कित्येक घरच्या चुली या पगारदारांच्या जिवावर पेटल्या. शिवाय मुलींपुढे एक उदाहरण उभं राहतं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये पहिल्यांदा मुलींना प्रवेश मिळाला आणि ३० मे २०२५ ला पहिल्या १७ जणी तिथून बाहेर पडल्या. आपल्या पंचक्रोशीतल्या मैदानावर मुली संचलन करतात, ही काही लहान गोष्ट नाही.

रेघ कुठून आली?

मग अडलं कुठे? अडलं ते दारूगोळ्यापाशी. जिथे बाँब आणि तोफगोळे साठवले जातात, तिथून लोकवस्ती लांब असायला हवी, हे कुणालाही पटेल. त्यासाठी इंग्रजांच्या काळातला, १९०३ सालचा एक कायदा आहे. संरक्षण खात्याच्या ठिकाणाभोवती २००० यार्डांपर्यंत बांधकामावर बंदी घालण्याचा अधिकार या कायद्यानं सरकारला मिळतो. २००० यार्ड म्हणजे साधारण १.८ किलोमीटर. आपल्या पायांनी चालायला वीस-पंचवीस मिनिटं. देहूरोडच्या डेपोभोवती २००२ मध्ये अशी रेघ अधिसूचनेनं आखली गेली. लोक तिला रेड झोन म्हणतात. तळवडे, चिखली, निगडी, किवळे, देहू या भागातल्या हजारो घरांचं भवितव्य या रेघेनं बांधलं गेलं. दिघीच्या मॅगझिनभोवतीही भोसरी-चऱ्होलीच्या बाजूला असाच पट्टा आहे.

ही रेघ उगाच आहे का? नाही. ३१ मे २०१६ ची रात्र आठवा. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या डेपोला, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या दारूगोळा भांडाराला, आग लागली. किमान १६ जीव गेले, त्यात दोन अधिकारी होते आणि आगीशी झुंजणारे जवानही. आसपासच्या गावांतल्या बायका मध्यरात्री लेकरं काखेत घेऊन घराबाहेर पळाल्या. दोनच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला, त्याच पुलगावच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि ६ जण गेले. मरणाऱ्यांत रोजंदारीवर गेलेली आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं होती. भंगारातलं लोखंड-पितळ विकून चार पैसे मिळतात म्हणून जीव मुठीत धरून काम करणारी. तळाच्या शेजारी राहण्याची किंमत अशीही मोजावी लागते.

तेव्हा लष्कराला नावं ठेवून काही साधणार नाही. प्रश्न वेगळा आहे. रेघ सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे, तर तिचा भार एकट्या रेघेतल्या कुटुंबांनीच का सोसायचा? देश सुरक्षित राहतो तो आपल्या सगळ्यांसाठी. आणि घर वाढवता येत नाही ते फक्त त्यांना.

स्वस्तातला गुंठा

जमीन असून बांधता येत नाही, बँक कर्ज देत नाही, बिल्डर फिरकत नाही. मग मूळ मालक काय करतो? गुंठा-गुंठा करून विकतो. आणि घेतं कोण? मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूरकडून चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पोटासाठी आलेलं कुटुंब. त्यांना बाहेरच्या भावानं जागा परवडत नाही. एजंट सांगतो, “ताई, पुढच्या वर्षी रेड झोन उठणार आहे, आत्ताच घ्या.” मग पाटल्या मोडल्या जातात, बचत गटातून कर्ज काढलं जातं, माहेरून आणलेले पैसे घातले जातात. स्टँपपेपरवर नोटरी होते आणि चार भिंती उभ्या राहतात. पण ते घर कागदावर नसतंच. नोटीस आली की बाईच्या पोटात गोळा येतो, कारण त्या भिंतींत तिचं स्त्रीधन गेलेलं असतं.

आणि चूक फक्त गरिबाचीच होते असं नाही. निगडीच्या सेक्टर २२ मध्ये महापालिकेनं झोपडपट्टीवासीयांसाठी उभारलेला मोठा पुनर्वसन प्रकल्पच रेड झोनच्या वादात सापडून कोर्टात अडकला. इमारती उभ्या आणि माणसं बाहेर. सगळी यंत्रणा हाताशी असलेल्या महापालिकेचं हे होतं, तर अर्धा गुंठा घेणाऱ्या बाईचं काय?

परवाने बंद झाले की बांधकाम थांबत नाही, ते फक्त चोरून होतं. तळवडे परिसरात पत्र्याच्या शेडांची दाटी झाली ती अशीच. जिथे परवानाच मिळत नाही तिथे आग विझवायची सोय, दुसरं दार, तपासणी हे कोण बघणार? ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना शेडमध्ये आग लागली. त्या दिवशी ६ बायका गेल्या, आणि पुढच्या दिवसांत हॉस्पिटलात आणखी काहींनी प्राण सोडला. डब्यात भाजी-भाकरी घेऊन सकाळी कामाला निघालेल्या आपल्यासारख्याच या बायका. स्फोटाच्या भीतीनं वस्ती होऊ नये म्हणून आखलेल्या रेघेच्या गावातच अशी दारूच्या कामाची शेड चालते, याला काय म्हणावं?

हक्कसोड करण्याआधी

आता एक गोष्ट लेकी-सुनांसाठी मुद्दाम सांगते. रेड झोनमधली जमीन म्हणजे मातीमोल, असं समजून घरात तिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. भाऊ म्हणतो, “त्या जमिनीचं काही होणार नाही, ताई, सही करून टाक.” आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होते. पण ज्या १९०३ च्या कायद्यानं बंदी घातली, त्याच कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी करून नुकसानभरपाई ठरवण्याची तरतूद आहे. भरपाईची मागणी या भागात वर्षानुवर्षं होते आहे. उद्या ती मिळाली किंवा हद्द बदलली, तर पैसा ज्याचं नाव कागदावर असेल त्याला मिळेल. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीनं दिला आहे. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहिणीनं प्रेमापोटी हक्क सोडला तर तिची मर्जी. पण ‘काही किंमत नाही’ म्हणून सोडू नये.

जागा घेणारीनं काय बघावं? पहिलं, गट नंबर किंवा सर्व्हे नंबर घेऊन नगररचना विभागात जावं आणि झोन दाखला मागावा. महापालिकेची हद्द असेल तर महापालिकेत, जांब्यासारखं गाव असेल तर पीएमआरडीएकडे. एजंटच्या मोबाइलमधला नकाशा म्हणजे दाखला नव्हे. दुसरं, सातबाऱ्यावर रेड झोनचा शेरा नाही म्हणून निर्धास्त होऊ नये आणि खरेदीखत नोंदवलं गेलं म्हणजे बांधायची परवानगी मिळाली असंही समजू नये. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरं, एखाद्या सरकारी बँकेत जाऊन ‘या जागेवर कर्ज द्याल का?’ एवढंच विचारावं. बँक नाही म्हणाली तर का म्हणते तेही विचारावं. चौथं, ‘नंतर गुंठेवारीत नियमित करून देऊ’ या शब्दावर जाऊ नये. रेड झोनमधली बांधकामं पिंपरी-चिंचवडमध्ये त्या योजनेत बसत नाहीत. आणि शेवटचं, पैसे दोघांचे असतील तर कागदावर नावंही दोघांची हवीत.

आणखी एक. छावणीच्या हद्दीतल्या, म्हणजे किन्हई, चिंचोली, मामुर्डी, शेलारवाडी या गावांतल्या बायकांना नळ-गटारीच्या तक्रारीसाठी आजवर छावणी मंडळाकडे जावं लागायचं. देशभरातल्या ५७ छावण्यांच्या ३० एप्रिल २०२३ ला ठरलेल्या निवडणुका आयत्या वेळी रद्द झाल्या आणि छावण्यांतले नागरी भाग शेजारच्या पालिकांना जोडण्याचा विचार पुढे आला. हिमाचलमधल्या योलपासून त्याची सुरुवातही झाली. देहूरोडसाठीही तोच मार्ग मांडला गेला आहे. हद्दी बदलतील, कर बदलतील, दाखले मिळण्याची कचेरी बदलेल. पण पालिका बदलली तरी दारूगोळा जागचा हलत नाही, म्हणून रेड झोनही आपोआप उठत नाही, हे ध्यानात ठेवावं.

ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि याच चिंचोली-देहूरोडच्या रस्त्यानं आकुर्डीकडे जाते. एका अंगाला लष्कराच्या तारा, दुसऱ्या अंगाला टाळमृदंग, आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. तळ आणि गाव शेजारी नांदू शकतात, नांदतातच. फक्त शेजाऱ्यांमधला बांध कुठे आहे, हे दोघांनाही ठाऊक हवं. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत हळदीकुंकवाच्या हॉलची मागणी जरूर करा, पण त्याआधी उभं राहून एवढं म्हणा, ‘आमच्या गावाचा रेड झोनचा नकाशा भिंतीवर लावा, सगळ्यांना वाचता येईल असा.’