माळ्यावरची कार्डे, काचेवरची शहरे

चिखलीहून खामगावकडे जाताना लागणारे अमडापूर हे बल्लाळदेवीचे गाव. अशा गावांतील जुन्या व्यापारी घरांत दिवाळीपूर्वी झाडलोट निघाली की माळ्यावरून लाल कापडी बांधणीच्या वह्या आणि तारेत ओवलेली पोस्टकार्डांची चळत खाली येते. वह्यांविषयी मनात आदर असल्यामुळे त्या पुन्हा जागेवर जातात. कार्डे मात्र रद्दीच्या तागडीत पडतात. त्यांतच कधी बोरीबंदर स्थानकाचे एखादे जुने चित्रकार्डही असते.

हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. किंमत पाव आणा. खामगावला त्याआधीच, १८७० साली, आगगाडी पोहोचली होती. कापसाच्या गाठी मुंबईस जात आणि भावाचे कार्ड उलट दिशेने येई. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रकार्डांची लाट आली. कार्डाची मागील संपूर्ण बाजू आधी पत्त्यासाठीच राखलेली असे, म्हणून खुशाली चित्राच्या कडेने दाटीवाटीने लिहावी लागे. अनेक कार्डे जर्मनीत छापून येत. मुंबई कधीही न पाहिलेल्या कारागिराने काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावर रंग चढवलेले असत. तेव्हा त्या आकाशाच्या निळाईवर फार विश्वास ठेवू नये!

त्या काळची नगरे, राजवाडे व लेणी काचेवर टिपणारा सर्वांत नामवंत भारतीय छायाचित्रकार जैन कुळातील होता, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसते. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे, जवाहिऱ्यांच्या घराण्यात झाला. रुरकीस अभियांत्रिकी शिकून ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि तेथे कॅमेरा त्यांच्या हाती आला. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाने त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले व ‘राजा’ हा किताब दिला. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडील वेरूळही त्यांनी टिपले. पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ साली हैदराबादेत त्यांनी स्वतंत्र चित्रशाळा काढली आणि तिचा कारभार एका इंग्रज बाईंकडे सोपवला. १८९६ मध्ये मुंबईतही त्यांची पेढी उघडली. १९०५ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सुमारे २,८५७ काचपट्ट्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. काच फुटणारी वस्तू. तरी ती आठ दशकांहून अधिक काळ टिकली. त्यांच्या कित्येक चित्रांवर क्रमांक आणि स्थळाचे नाव आढळते. व्यापारी घराण्याची ही नोंदीची सवय म्हणावी काय?

आपल्या घरांतील छायाचित्रांचे मात्र उलट झाले आहे. पगडीतील गृहस्थ कोण, मागची हवेली कोणत्या गावची, हे सांगणारे एकेक करून निघून जात आहेत. पोस्टकार्डाचे नशीब त्यामानाने बरे. त्यावरचा टपालाचा गोल शिक्का गाव आणि तारीख आपण होऊन सांगतो. छायाचित्राला तेवढाही आधार नसतो. त्याच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नाव, नाते व गाव लिहावे. बॉलपेनची शाई उमटते आणि दाबाचा वळ पुढे चेहऱ्यावर उठतो. ओलसर भिंतीवरची तसबीरही उतरवून ठेवावी. पण नावे आधी विचारावीत, आणि ती घरातील सर्वांत वृद्ध आजींना, दिवाळीची वाट न पाहता.