कठीण, तरीही चिवट

काशाची वाटी हातातून निसटून फरशीवर आपटली, तर तिला तडा जातो; तांब्याच्या घागरीला मात्र नुसता पोचा येतो. वास्तविक कासे तांब्याहून कठीण. मग जे कठीण, तेच आधी का फुटावे?

हा प्रश्न तोफा ओतणाऱ्यांच्या जिवाशी निगडित होता. निजामशाहीच्या काळात, 1549 साली, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे रूमीखानाने ‘मुलूख मैदान’ ही सुमारे 55 टन वजनाची तोफ ओतली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. तिच्यात सुमारे 80 भाग तांबे व 20 भाग कथील आहे. म्हणजे ती काशाचीच म्हणावयाची! सामान्यतः तोफेच्या धातूत कथील 10 भागांच्या आसपास असे. ते वाढविले, की धातू कठीण होई, परंतु ठिसूळही होई. आणि ठिसूळ तोफ बार काढताना फुटली, तर शत्रूऐवजी आपलेच गोलंदाज मरत.

मुलांनो, धातूतील अणू कवायतीतल्या मुलांप्रमाणे रांगांनी उभे असतात. या रांगा एकमेकींवरून सरकतात, म्हणून तांबे वाकते. कथिलाचे अणू मध्ये शिरले, की सरकणे अवघड होते. धातू वाकत नाही, आणि भार असह्य होताच तडकतो.

1960 साली अमेरिकेत पोल ड्यूवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉन यांचा रस सेकंदाला सुमारे दहा लाख अंश इतक्या वेगाने थंड केला. रांगा धरण्यास अणूंना अवधीच मिळाला नाही. जो पदार्थ झाला, तो धातूची काच! काच म्हटली तरी ती खिडकीच्या काचेसारखी पारदर्शक नसते. अशा काचा पोलादाशी स्पर्धा करण्याइतक्या बळकट असू शकतात; परंतु ओढल्या असता सारा ताण एका अतिशय अरुंद पट्ट्यात एकवटतो, आणि त्या एकाएकी तुटतात.

यावरील उपाय समजण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारचा डोंगर पाहावा. उतारावर खोदलेले समतल चर पावसाचे पाणी ठिकठिकाणी अडवितात. मोकळ्या उतारावर तेच पाणी एकत्र येऊन घळ पाडते. चर फार दूर दूर असले, तरी मधल्या अंतरात पाणी जोर धरतेच. म्हणून अंतर नेमके साधावे लागते.

2008 साली डग्लस हॉफमन, विल्यम जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूत हेच साधले. अर्धवट वितळलेल्या अवस्थेत तो ठेवून त्यांनी त्यात झाडाच्या फांद्यांसारखे मऊ स्फटिक वाढू दिले, आणि मग उरलेल्या रसाची काच केली. स्फटिकांचा आकार व त्यांच्यातील अंतर असे राखले, की तुटीचा पट्टा बळावण्यापूर्वीच पुढच्या स्फटिकाशी अडावा. एक पट्टा अडला, की दुसरा सुरू होतो. ताण सर्वत्र वाटला जातो. अशी कांब मूळ लांबीच्या दहाव्या हिश्शाहूनही अधिक ताणली गेली, तेव्हा कोठे तुटली.

झिर्कोनियम मात्र महाग. गावच्या लोहाराचा विळा अजून पोलादाचाच आहे, आणि तोही लाल तापवून पाण्यात बुडविल्यावर पुन्हा थोडा शेकावाच लागतो. नाहीतर पहिल्याच दगडावर त्याची धार तुटते.