‘महत्त्वाकांक्षेमुळे मॅकबेथचा नाश झाला’: हे उत्तर आहे, संशोधन नाही

पीएचडीच्या मुलाखतीला जाण्याआधी मी सिनॉप्सिसचा जो पहिला मसुदा लिहिला होता, त्यात एक वाक्य होतं: अमर्याद महत्त्वाकांक्षा आणि सत्तेची भूक यांमुळे मॅकबेथसारखा शूर सरदार भ्रष्ट होतो. मला ते वाक्य भारी वाटत होतं. गाईडनी त्याखाली पेन्सिलने दोनच शब्द लिहिले, “मग पुढे?” त्या दोन शब्दांनी मला महिनाभर कामाला लावलं. तुमच्यापैकी बरेच जण नाटकावर किंवा शोकांतिकेवर विषय घ्यायचा विचार करत असाल, म्हणून त्या महिन्यात काय हाती लागलं ते आज लिहितोय.

आधी त्या वाक्याचा दोष बघू. ते चूक नाहीये. एम.ए.च्या पेपरात त्याला मार्क मिळतात. पण त्याला विरोध कोण करणार? ज्या विधानाला कुणी विरोधच करू शकत नाही, त्यातून संशोधन सुरू होत नाही. मग करायचं काय? वाक्य टाकून द्यायचं नाही, उलट त्यालाच प्रश्न विचारायचे. मी तीन विचारले.

पहिला प्रश्न: महत्त्वाकांक्षा एवढंच कारण असेल, तर बँकोचं काय?

पहिल्या अंकात चेटकिणी भेटतात तेव्हा मॅकबेथ एकटा नसतो, बँको त्याच्यासोबत असतो. भविष्य दोघांनाही सांगितलं जातं. मॅकबेथ राजा होईल. बँको स्वतः होणार नाही, पण त्याचे वंशज होतील. बँको साधुसंत आहे असंही नाही. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मॅकबेथने वाईट मार्गाने गादी मिळवली असणार, हा संशय तो स्वतःशी बोलून दाखवतो. त्याच दमात, भविष्य त्याच्या बाबतीत खरं ठरलं तर माझ्याही बाबतीत का ठरू नये, अशी आशा धरतो आणि गप्प बसतो. म्हणजे भविष्य ऐकलेलं आहे, मोहही आहे, पण खून नाही.

दोन उदाहरणांत एकच कारण असेल आणि परिणाम वेगळे असतील, तर ते कारण पुरेसं नाही, हा साधा तर्क आहे. विज्ञानवाले प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट ठेवतात. नाटककाराने आपल्यासाठी तो नाटकातच ठेवलाय. आपण मात्र नायकाकडेच बघत बसतो.

दुसरा प्रश्न: बाकीची कारणं गेली कुठे?

शेक्सपिअरने ही कथा प्रामुख्याने राफेल हॉलिन्शेडच्या इतिहासग्रंथातून घेतली. त्याची पहिली आवृत्ती 1577 ची, दुसरी 1587 ची. तिथला मॅकबेथ वाचला की धक्का बसतो. तिथला डंकन मवाळ, राज्य नीट न सांभाळणारा राजा आहे. डंकन आपल्या अल्पवयीन मुलाला वारस नेमतो, तेव्हा जुन्या रिवाजानुसार गादीवर आपलाही हक्क लागतो असं मॅकबेथला वाटतं. बँको त्या कटात सामील आहे. आणि राजा झाल्यावर मॅकबेथ सुमारे दहा वर्षं चांगला कारभार करतो, मग बिघडतो.

नाटकात यातलं काय उरलं? डंकन प्रेमळ आणि सज्जन झाला. माल्कमला वारस नेमल्याचा प्रसंग आहे, पण मॅकबेथच्या हक्काचा मुद्दा गायब. बँको कटातून बाहेर. दहा वर्षांचा चांगला कारभार पूर्ण पुसला. राजाला झोपेत मारण्याचा तपशीलसुद्धा हॉलिन्शेडमधल्या दुसऱ्याच खुनाचा, डॉनवाल्डने केलेल्या डफ राजाच्या खुनाचा आहे. इतिहासातला डंकन 1040 मध्ये लढाईत मारला गेला आणि मॅकबेथने त्यानंतर 1057 पर्यंत राज्य केलं.

बँकोला निर्दोष का केलं, याचं एक कारण सहज सांगता येतं. 1603 मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स राजा स्ट्युअर्ट घराण्याचा, आणि हे घराणं स्वतःला बँकोचे वंशज मानत असे. शेक्सपिअरची नाटक कंपनी त्याच राजाच्या आश्रयाखाली होती. पण इथे जपून राहा. बदल का केला आणि बदलामुळे नाटकाचं काय झालं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर राजकारणात सापडेल, दुसऱ्याचं फक्त नाटकात.

नाटकात झालं असं, की मॅकबेथकडे खुनासाठी एकही बरं कारण उरलं नाही. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात तो स्वतःच हिशोब मांडतो: डंकन माझा नातलग, माझा राजा, आज माझ्या घरचा पाहुणा आणि शिवाय भला माणूस. मला पुढे ढकलणारी फक्त महत्त्वाकांक्षा आहे, अशी कबुलीही देतो. म्हणजे जे वाक्य मी माझा निष्कर्ष म्हणून मिरवत होतो, ते खुद्द पात्रच पहिल्या अंकात सांगून मोकळं झालंय!

इथे ॲरिस्टॉटलची गाठ पडते. शोकांतिकेचा नायक ‘हमार्शिया’मुळे पडतो असं तो म्हणतो. आपल्या गाईडबुकांत याचं भाषांतर सर्रास ‘स्वभावदोष’ असं दिसतं, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नेम चुकणे, चूक होणे याच्या जवळचा आहे. ईडिपस अज्ञानातून चुकतो. मॅकबेथ सगळं माहीत असून करतो. त्यामुळे त्याला हमार्शियाच्या चौकटीत सरळ बसवता येत नाही. परीक्षेत ही अडचण वाटेल, पण संशोधनात तोच विषय आहे.

तिसरा प्रश्न: राजा झाल्यावर महत्त्वाकांक्षा उरते कुठे?

हवं ते मिळालं. मग पुढचे खून कशासाठी? तिसऱ्या अंकात त्याचं म्हणणं साधारण असं: नुसतं राजा असण्याला अर्थ नाही, राजा म्हणून निर्धास्त असायला हवं. इथून पुढे त्याला मिळवायची भूक नाही, गमावायची भीती चालवते. आपण ‘सत्तेची भूक’ या एकाच शब्दाखाली या दोन्ही गोष्टी कोंबतो.

आता तीन हत्या शेजारी शेजारी ठेवा. डंकनच्या वेळी तो खूप विचार करतो, एकदा माघार घेतो, बायकोशी वाद घालतो आणि शेवटी स्वतःच्या हाताने मारतो. बँकोच्या वेळी मारेकरी बोलावतो, पण त्यांना पटवून देण्यासाठी बराच वेळ बोलतो. बायकोला मात्र काही सांगत नाही. मॅकडफच्या बायकामुलांच्या वेळी? मॅकडफ इंग्लंडला पळाल्याचं कळतं आणि तिथल्या तिथे निर्णय होतो. त्या मुलांपासून गादीला धोकाही नसतो. यापुढे मनात येईल ते लगेच हातून होईल, असं तो ठरवूनच टाकतो.

म्हणजे बिघडतं ते काय? माझं उत्तर असं: विचार आणि कृती यांच्यातलं अंतर मिटत जातं, आणि त्या अंतरात उभी असलेली माणसंही बाजूला पडतात. पाचव्या अंकात बायकोच्या मृत्यूची बातमी येते तेव्हा त्याच्याकडे तिच्यासाठी रडणंसुद्धा उरलेलं नसतं. आपलं काय झालंय हे मात्र त्याला शेवटपर्यंत कळत असतं, आणि इतके खून करूनही आपल्याला त्याच्याबद्दल काहीतरी वाटतं ते त्यामुळेच.

या उत्तराला विरोध करता येतो. कुणी म्हणेल, बदल मॅकबेथमध्ये नाही, परिस्थितीत आहे. राजाला विचार करायला वेळच नसतो. कुणी म्हणेल, सगळा दोष चेटकिणींच्या भविष्याचा. विरोध होऊ शकतो, म्हणजे आता तपासण्यासारखं काहीतरी हातात आहे. पेन्सिलीतल्या त्या दोन शब्दांचा अर्थ मला इथे कळला.

तुम्ही करून बघायचं असेल तर एक तक्ता करा. नाटकातली प्रत्येक हत्या एका ओळीत. रकाने पाच: निर्णय कुणाचा, विचाराला किती जागा दिली, कुणाला सांगितलं, हत्या कुणाच्या हाताने, कारण काय दिलं. तक्ता भरताना टीकाग्रंथ उघडू नका, फक्त मूळ संहिता. ब्रॅडली वगैरे मंडळी नंतर वाचा. तेव्हा तुमच्याकडे त्यांना विचारायला स्वतःचा प्रश्न असेल. मराठीतून काम करणाऱ्यांनी शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ शेजारी ठेवून हाच तक्ता पुन्हा भरावा. दोन तक्त्यांत जिथे फरक दिसेल, तिथे कदाचित तुमचा सिनॉप्सिस सुरू होईल.